कच्ची कवळी

४ फेब्रुवारी

खारूताईला आजीचा आशीर्वाद, आणि आधी एक टपली.

दातांची पेटी आठवणीनं पाठवलीस आणि तिच्यात दोन ओळींची चिठ्ठी टाकायला विसरलीस. मला नवल वाटलं नाही. दप्तर घरी ठेवून शाळेला निघायचं आणि कोपऱ्यावरून परत येऊन "आजी, मी काय विसरले?" असं मलाच विचारायचं, ही तुझी जुनी खोड. मागच्या पत्रात तर "आजी, तुझं अक्षर सुधारलं" असं लिहिलंस. ते वाचून शिवणवाली दोन दिवस हसत होती. पुन्हा सांगते, लक्षात ठेव: मला लिहिता-वाचता येत नाही. हात खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीचा, तोंड माझं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती मशीनच्या पाटावर कागद ठेवून बसते. मी दहा शब्द बोलले तर सहा लिहिते, उरलेले चार शिवणीत गेले म्हणते. लिहून झालं की मोठ्यानं वाचून दाखवते, म्हणजे मला तिच्यावर नजर ठेवता येते.

फोन का करत नाही म्हणशील. फोनवर तू विचारतेस "बरी आहेस ना", मी म्हणते "हो", आणि तेवढ्यात तुझी बस येते.

तर, दात पोचले. तुझ्या बापानं कात्रीनं पेटी उघडली आणि कवळी अशी धरली की जणू चावेल. मी घालून आरशात बघितलं. पुढचे दोन जरा मोठे केलेस, मुद्दाम, ओळखलं मी. म्हातारपणी मला तुझ्यासारखं खारीचं तोंड दिलंस! पण बसले नीट. खाली-वर, कुठे टोचत नाहीत. स्वतःच्या नातीनं घडवलेले दात घालून मी अख्ख्या जिन्यात हसून आले. जुनी कवळी त्याच दिवशी कचऱ्यात टाकली. सोळा वर्षांची सोबत, पण निरोप समारंभ केला नाही.

एकच विचारायचं होतं. तुझे दात एवढे गरम का गं? संध्याकाळ झाली की जीभ भाजल्यासारखी होते. टाळू पण, ओठाची आतली बाजू पण. चहाचा घोट घाईत घेतल्यावर होतं ना, तसं. फक्त चहा न पिता. भट्टीतून काढून थेट पेटीत भरलेस की काय? जरा निवू द्यायचे.

बाकी सगळं ठीक. शिवणवाली म्हणते पान संपलं.

तुझी, नव्या दातांची आजी

१३ फेब्रुवारी

आजी,

तुझं पत्र कामाच्या टेबलापाशी उभ्या उभ्या वाचलं आणि नंतर दुपारभर माझ्या हातून काही झालं नाही. ते दात आत्ताच्या आत्ता काढ. पुन्हा घालू नकोस. शिवणकाकू, तिनं काढले का ते बघा.

तू थट्टा केलीस, पण मी खरंच तसंच केलं.

कवळीचा गुलाबी भाग कसा होतो, ते तुला कधी सांगितलं नाही. एक पावडर असते आणि एक उग्र वासाचं पातळ द्रव्य. दोन्ही कालवलं की कणकेसारखा गोळा होतो. तो साच्यात दाबायचा, साचा पाण्यात ठेवायचा आणि पाणी नऊ तास एकसारखं गरम राखायचं. तेव्हा कुठे आतपर्यंत पक्कं होतं. घाई असेल तर दीड तासातही काढता येतं, पण मग शेवटी पाणी चांगलं उकळावं लागतं. मी दीड तासात काढलं आणि उकळीलाही थांबले नाही. शुक्रवारची पार्सलची गाडी चुकली असती तर दात तुला चार दिवस उशिरा मिळाले असते, आणि तू फोनवर तीनदा म्हणाली होतीस, "लवकर कर गं". मास्तर सुट्टीवर होते. बघणारं कोणी नव्हतं.

अशा कवळीत ते द्रव्य थोडं कच्चं राहतं आणि तोंडात झिरपतं. झिरपलं की तोंड जळतं. हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवतात.

मास्तर जूनअखेर निवृत्त होतायत. पूर्ण कवळ्यांचं त्यांचं टेबल मला द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. सात वर्षं मी त्याचीच वाट बघत होते, तुला ठाऊक आहे. काल मी त्यांना सांगितलं, दुसऱ्या कोणाला तरी द्या. कारण विचारलं तर म्हटलं, हात बरोबर नाही माझा. सध्या पुढच्या खोलीत पार्सलं बांधते. आपल्याच आजीचं तोंड भाजणाऱ्या बाईनं परक्यांच्या तोंडाला काय म्हणून हात लावायचा?

दात काढलेस का, ते कळव.

तुझी खार

२४ फेब्रुवारी

खारूताई,

काढले. आणि त्यानंतर जे केलं, ते ऐकून तू हसशील अशी आशा आहे. शिवणवाली अजून हसलेली नाही.

तुझं पत्र ती वाचत होती. "कच्चं राहतं" एवढं ऐकलं आणि मी म्हटलं, थांब, पुढचं नंतर. तीस वर्षं मी धुलाईच्या कारखान्यात काढली. दवाखान्याच्या चादरी. अर्धवट निघालेली चादर परत उकळत्या हौदात टाकायची, हे मला कोणी शिकवायला नको. वर आले, पातेल्यात पाणी ठेवलं, दात टाकले, झाकण घातलं. चांगला अर्धा तास. तुझा बाप कामावरून आला, काय शिजतंय म्हणून झाकण उचललं, आणि हळूच परत ठेवलं. मग म्हणाला, "आई, आज जेवायचं मी बाहेरून आणतो."

वरची कवळी वाकून होडीसारखी झाली. खालची बसते, पण शिंक आली की बाहेर येते. तेव्हा आता माझ्याकडे दात नाहीत. जुने मी टाकले, नवे मी शिजवले.

हे हसण्याचं झालं. आता दुसरं, आणि शिवणवालीला सांगितलंय की यातला एकही शब्द शिवणीत घालायचा नाही.

जळणं तुझ्या दातांमुळे नाही. ते आधीपासून आहे. ऑक्टोबरात सुरू झालं, तुझे दात आले जानेवारीअखेर. सकाळी उठते तेव्हा बरी असते. दुपारी जिभेच्या शेंड्याला चुरचुरायला लागतं. दिवे लागायच्या सुमारास अख्खं तोंड पेटलेलं. तोंड कोरडं, आणि चव अशी, की जुनं नाणं जिभेखाली धरून बसलेय. मला वाटलं जुन्या कवळीचं प्लास्टिक सडलं. म्हणून तर तुझ्या मागे लागले, लवकर कर, लवकर कर. ती हौस नव्हती बाई. जळत होतं. पण तुला तसं सांगितलं असतं तर तू माझ्या तोंडात दहा डॉक्टर घातले असतेस, म्हणून गप्प राहिले. नवे दात आले, घातले, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. तेव्हा थट्टा केली. थट्टा केली की मला जरा कमी जळतं. तुला जास्त जळेल, हे ध्यानात आलं नाही.

आता पार्सलं बांधणं पुरे. जा तुझ्या टेबलाशी.

बिनदातांची आजी

६ मार्च

आजी,

होडीसारखी कवळी वाचून मी हसले. मास्तरही हसले. गंमत म्हणजे तुझी कल्पना अगदीच चूक नव्हती. कवळी काही दिवस पाण्यात बुडवून ठेवली तर उरलेलं द्रव्य बरंचसं निघून जातं. कोमट पाण्यात, आजी. उकळत्या नाही.

पण ऑक्टोबरचं मला खरं वाटत नाही. रागावू नकोस. मी दहावीत नापास झाले तेव्हा तू मला जवळ घेऊन म्हणाली होतीस, "मी पण झाले होते." आणि तू शाळेत गेलीच नव्हतीस! मला कुठे लागलं की तू लगेच स्वतःचं एक दुखणं बनवून आणतेस, हे मी लहानपणापासून बघतेय. आताही तेच करतेयस.

मी इथे एका दातांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कवळीतल्या द्रव्यानं भाजलं असेल तर कवळी काढल्यावर हळूहळू भरून येतं. कोणाला दोन आठवडे लागतात, कोणाला दोन-तीन महिने. म्हणजे मेपर्यंत तुझं तोंड निवत गेलं, तर समजायचं की मीच भाजलं होतं. मला तेच होणार असं वाटतंय. आणि वाईट असं, की तू निवावंस असंही वाटतं.

बाबांबरोबर डॉक्टरकडे जा. साध्या नव्हे, तोंडाचे विकार बघणाऱ्या. तोवर पुदिन्याची पेस्ट हिरड्यांना लावू नकोस.

नवे दात मास्तर करून देतील. तुझ्या तोंडाचे प्लास्टरचे ठसे इथे फळीवर आहेत. मी त्यांना हात लावणार नाही.

दमलेय. पार्सलांची दोरी बोटांना कापते.

खार

३ एप्रिल

खारूताई,

मास्तरांना माझा नमस्कार सांग, आणि सांग की त्यांचे दात नकोत. मी परक्या पुरुषाचे दात घालत नाही.

उशीर झाला, कारण महिनाभर मी तोंड उघडून फिरत होते. पहिला, आपला दातवाला. तो म्हणाला, हिरड्या छान आहेत. दुसरा घशाचा. त्यानं नाकातून एक नळी घालून आत कुठपर्यंत तरी बघितलं आणि म्हणाला, काही दिसत नाही. तिसऱ्यानं माझं वय विचारलं, आणि वय ऐकल्यावर त्याला पुढचं काही ऐकायचं राहिलं नाही. ताकदीच्या गोळ्या दिल्या. खारे, माणूस दुखण्यानं जेवढं दमत नाही ना, तेवढं "काही दिसत नाही" ऐकून दमतं. तिसऱ्याच्या जिन्यात मी पायरीवरच बसले. उठावंसं वाटेना.

तिथे तुझा बाप म्हणाला, "आई, तिघांना काही दिसलं नाही, म्हणजे मनाचंच असेल गं." मी म्हटलं, "तू बस दुरुस्त करतोस ना? ड्रायव्हर सांगतो गाडीत आवाज येतोय, तेव्हा तू आवाज बघतोस का?" दुसऱ्या दिवशी तो सुट्टी टाकून मला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला.

तिथे एक डॉक्टरीण आहे. ती फक्त तोंड बघते. पण तिनं आधी तोंड बघितलंच नाही, कान दिला. किती वाजता वाढतं? सकाळी असतं का? आणि मग विचारलं, "जेवताना कमी होतं का?" मी तुझ्या बापाकडे बघितलं. हे कोणी विचारलंच नव्हतं. हो, जेवताना कमी होतं! भाजलेल्या तोंडाला घास लागला तर आग व्हायला हवी, माझी तर थांबते. मला वाटायचं हा माझाच काहीतरी हावरटपणा.

मग रक्त काढलं. लोह, जीवनसत्त्वं, साखर, थायरॉइड. जिभेवर कापूस फिरवून बुरशी आहे का बघितलं. माझ्या रक्तदाबाच्या गोळीचं नावसुद्धा विचारलं, कारण काही गोळ्यांनीही असं होतं म्हणे. माझी त्यातली नाही. सगळं बरोबर निघालं. तेव्हा ती म्हणाली, "याला बर्निंग माउथ सिंड्रोम म्हणतात." मी विचारलं, सोप्या भाषेत? म्हणाली, "तोंड जळण्याचा विकार." म्हणजे महिनाभर मी जे सांगत फिरत होते, तेच तिनं मला इस्त्री करून परत दिलं. तरी मी रडले. शिवणवाली, हे लिही, रडले म्हणून लिही.

कसं होतं ते तिनं तुझ्या बापाला सांगितलं. इंजिन थंड आहे, पण काटा तापलेलं दाखवतो. जिभेच्या नसांचं तसं झालंय. जखम नाही, म्हणून कोणाला दिसत नाही. पण जळणं खरं आहे, मनाचं नाही. पाळी जाऊन वर्षं झालेल्या बायकांना जास्त होतं. तुझ्या बापाला काटा लगेच कळला. बिचारा वाटेत दोनदा म्हणाला, "आई, मला माहीत नव्हतं गं."

सांगितलंय ते असं. पुदिना, दालचिनी, आंबट, तिखट, फार गरम, सगळं बंद. झोंबणाऱ्या औषधी पाण्यानं चुळा भरायच्या नाहीत. गार पाणी घोट घोट, बर्फाचा तुकडा चोखायचा. बिनसाखरेचं च्युइंगम चघळा म्हणाली. मी तोंड उघडून दाखवलं. त्यावर तीही हसली.

आणि रोज तीन वेळा आकडा मांडायचा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. मला अक्षर येत नाही, पण आकडे येतात, चादरींच्या बिल्ल्यांवरून शिकलेले. सोबतचा कागद माझ्या हातचा आहे. दोन आठवडे, एकही दात तोंडात नसताना. वाच. अक्षरात मी तुझ्याशी खोटं बोलले असेन, कारण अक्षरं दुसऱ्याच्या हातची. आकड्यात तीस वर्षांत एक चादर चुकली नाही.

आजी

(आजींच्या सांगण्यावरून साक्ष लिहिते. आकडे त्यांनीच मांडले. मी सुचवले नाहीत. रोज संध्याकाळी त्यांना जिना चढताना बघते, त्यावरून आकडे कमीच वाटतात. – शिवणवाली)

१६ एप्रिल

आजी,

तुझा कागद मी चार दिवस पिशवीत घेऊन फिरले. तुझा सात उलट्या बाजूला बघतो. पण रोज आहे. सकाळी दोन, दुपारी चार, संध्याकाळी सात. एका मंगळवारी आठ. त्या दिवशी काय झालं होतं?

शेवटी मास्तरांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, कागद खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ बघून म्हणाले, "कच्च्या कवळीला घड्याळ कळत नाही गं. ती जळवते तर सकाळपासून जळवते." मग मी म्हटलं, म्हणजे माझी चूक नव्हती? तर कागद माझ्या हातात देत म्हणाले, "तसं मी म्हटलं नाही. कोणी भाजलं नाही म्हणून कच्चं पक्कं होत नाही. तू घाई केलीस. ती घाई तुझी. तुझ्या आजीचं जळणं तुझं नाही. दोन्हीची एकच मोळी बांधून कशाला फिरतेस?"

मला अजून पूर्ण पटलं नाही. एकदा भाजलेलं भरून यायला वेळ लागतो, आणि अजून मे जायचाय. पण ठसे मी फळीवरून काढले. मास्तरांनी केले तर तू घालणार नाहीस, हे त्यांनीच मला तीन वेळा ऐकवलं, फार खूश होऊन.

काल साचा पाण्यात ठेवला. नऊ तास. मी बाजूला स्टूल टाकून बसले आणि दर अर्ध्या तासानं पाणी किती गरम आहे ते बघितलं. एरवी यंत्र आपोआप बघतं, बसायची गरज नसते. मास्तर जाता-येता म्हणायचे, "अंडी उबवतेयस का?" आज साचा फोडला. पुढचे दोन दात या वेळी मापात आहेत. आता ते पाण्यात बुडवून ठेवलेत, पुढच्या आठवड्यात पाठवते.

हे घालून तीन आठवडे आकडे मांड. मास्तरांच्या टेबलाचं मालकांना एक जूनपर्यंत सांगायचं आहे. तुझा कागद आला की मी हो किंवा नाही सांगेन. आकडे उतरत गेले, तर मला कळेल की माझंच भाजलेलं भरतंय, आणि मी पार्सलांवरच राहीन. तू गोड बोलून काही लिहू नकोस. दुखलं तर दुखलं लिही.

आणि एक. डॉक्टरांनी एवढं सगळं सांगितलं म्हणतेस, औषधाचं काहीच कसं नाही? की तू लिहायला विसरलीस? मला नावं ठेवतेस आणि.

खार

२५ मे

खारूताई,

विसरले नव्हते. सांगितलं नव्हतं.

आधी दातांचं. ते मेच्या दोन तारखेला पोचले. घातले ते आजतागायत बसलेत. शिंकून बघितलं, खोकून बघितलं, तुझ्या बापाला ओरडून बघितलं. हलत नाहीत. डॉक्टरिणीनं बोट फिरवून बघितलं आणि विचारलं, कोणी केले? मी सांगितलं. मग तिनं पुन्हा एकदा बघितले, माझ्या तोंडासाठी नाही, नुसतेच.

आकड्यांचा कागद सोबत आहे. तीन आठवडे. सकाळी दोन, दुपारी चार, संध्याकाळी सात. दात नव्हते तेव्हा जे, तेच दात असताना. कमी नाही, जास्त नाही. त्या मंगळवारच्या आठचं विचारलंस. त्या दिवशी शिवणवालीशी भांडण झालं होतं. दमलं, चिडलं की वाढतं, हेही डॉक्टरिणीनं आधी सांगितलं होतं.

आता भांडण कशावरून, ते ऐक.

मार्चमध्येच डॉक्टरिणीनं मला एक गोळी लिहून दिली होती. गिळायची नाही. तोंडात तीन मिनिटं धरून फिरवायची आणि थुंकून टाकायची. थुंकण्यासाठी औषध घ्यायचं, असं मी पहिल्यांदा ऐकलं. म्हणाली, यानं बऱ्याच जणींचं जळणं उतरतं. तुझ्या बापानं त्याच दिवशी आणली. मी डब्यात ठेवली.

कारण तुझं पत्र माझ्या डोक्यात होतं. मेपर्यंत निवलं तर समजायचं मीच भाजलं, असं तू लिहिलं होतंस. म्हणजे गोळी घेतली आणि सातचे चार झाले, तर तू म्हणणार, बघ, भरून येतंय, माझंच होतं. गोळीनं उतरलं असं मी हजारदा सांगितलं असतं तरी तू म्हणाली असतीस, आजी पण नापास झाली होती. मला तुझ्या पुढ्यात सात ठेवायचे होते. रोज, न हलता, सात.

तेव्हा थांबले. सोपं गेलं नाही, ते काही मी थट्टेत घालत नाही. पाच वाजले की मला समोरच्या भिंतीवरच्या उन्हाचा राग यायचा. ते खाली सरकलं की माझं वर चढायचं. बर्फ चोखून ओठ बधिर व्हायचे. कोणाशी बोलू नये असं वाटायचं, आणि माझं तर सगळं आयुष्य बोलण्यावर चाललेलं. शिवणवालीला डबा सापडला तेव्हा ती एवढी तापली की टाचण्या खाली सांडल्या. म्हणाली, "आजी, पोरीसाठी तोंड जाळून घेता?" मी म्हटलं, घेत नाहीये, जळतंच आहे. विझवायला जरा उशीर करतेय. यावर ती दोन दिवस लिहायला आली नाही.

डॉक्टरीणही रागावली. म्हणाली, हे चुकीचं केलंत, नातीला मला फोन करायला सांगायचं, मी समजावलं असतं. ते बरोबर असेल. पण ती तुला ओळखत नाही, मी ओळखते. तुला कोणी सांगून पटत नाही. माप हातात लागतं.

तर हे माप. आता माझ्याकडे बघून रडत बसू नकोस. एक जूनला दिवस थोडे उरलेत. मालकांना हो सांग. मास्तरांच्या खुर्चीवर उशी ठेव, ती खुर्ची टणक असणार, त्यांच्या बोलण्यावरून वाटतं. घाई केलीस ती तुझी तुझ्याकडे ठेव, कामाला येईल. माझं जळणं माझं मला परत दे. ते तुझं नाहीच, उगीच चार महिने उचलून फिरतेस.

गोळी आज सकाळी सुरू केली. शिवणवाली घड्याळ धरून समोर बसली होती. तीन मिनिटं मला बोलता आलं नाही, त्याचा तिला फार आनंद झाला. उतरेल का? डॉक्टरीण म्हणाली, कोणाचं पूर्ण उतरतं, कोणाचं अर्धं, कोणाला दोन-चार वर्षं लागतात. मी अर्ध्यावर तयार आहे. या वयात माणूस अर्ध्यावर बऱ्याच गोष्टींना तयार होतो.

संध्याकाळ तरी राहणारच आहे. पण जेवताना थांबतं, हे आता मला ठाऊक आहे, आणि चावायला दातही आहेत. तेव्हा दिवे लागायच्या सुमाराला मी काहीतरी बराच वेळ चावत बसायचं ठरवलंय. तुझ्या बापानं आणलेल्या मऊ पावाचा कंटाळा आला.

अक्रोड पाठव. अर्धा किलो, कवच काढलेले. मीठ लावलेले नकोत, त्यानं झोंबतं. आणि म्हातारी आहे म्हणून कुटून पाठवशील, तर तसेच परत पाठवीन. अख्खे पाठव.

आजी